शीख वाङ्मयाचे संशोधन आणि पाठचिकित्सेचा प्रश्न

पालि वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी भारतातील इतर धर्मपरंपरांच्या ग्रंथांचा इतिहासही जाणून घ्यावा, असे आम्हांस दीर्घकाळ वाटत आले आहे. त्यामागे केवळ तौलनिक कुतूहल नाही. त्रिपिटकाची मुद्रित आवृत्ती आपल्या हाती आली तेव्हा तिच्या पाठनिश्चितीचे बहुतेक कष्ट इतरांनी उपसलेले होते. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये स्थापिलेल्या पालि टेक्स्ट सोसायटीने सिंहल, ब्रह्मदेश व सयाम येथील पोथ्यांच्या आधारे हे ग्रंथ छापण्यास आरंभ केला, त्या वेळी त्यांना आपले म्हणणारा मोठा समाज भारताच्या या भागात उरलेला नव्हता. कोणत्या पोथीतील पाठ ग्राह्य धरावा यावरून येथे कोणाचे मन दुखावण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण या ग्रंथांकडे वळलो, ते सिद्ध संहितेकडे वळलो.

शिखांच्या ग्रंथाची कथा याहून फार निराळी आहे. गुरू ग्रंथ साहिब प्रत्येक गुरुद्वारात उच्चासनावर विराजमान असतो. त्याच्यावर चवरी ढाळली जाते, रात्री त्यास विश्राम दिला जातो, पहाटे पुन्हा उघडले जाते. ग्रंथ हाच गुरू अशी शिखांची श्रद्धा आहे, आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंह यांनी आपल्या अंतसमयी गुरुपद ग्रंथाकडे सोपविले ते आपल्या महाराष्ट्रात, नांदेड येथे. आता ज्या ग्रंथास कोट्यवधी माणसे हयात गुरू मानतात, त्याच्या हस्तलिखितांची तुलना करावयाची, शाई आणि अक्षरवळण तपासावयाचे, एक पाठ जुना आणि दुसरा नंतरचा असे म्हणावयाचे, हे कसे घडले आणि त्यातून काय हाती आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचे मत आरंभीच सांगतो. या दीडशे वर्षांत शीख वाङ्मयाच्या आकलनात जी खरी भर पडली, ती पानावरील अक्षर जसे आहे तसे वाचणाऱ्यांनी घातली. मग तो वाचणारा श्रद्धावान असो वा परका.

प्रथम सामग्रीविषयी थोडेसे. या वाङ्मयाचा केंद्रबिंदू आदिग्रंथ होय. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये त्याचे संकलन पूर्ण केले. लेखनिक होते भाई गुरदास, जे स्वतः थोर कवी होते आणि ज्यांच्या 'वारां' ग्रंथाची किल्ली समजल्या जातात. आज छापील ग्रंथाची पृष्ठसंख्या १४३० अशी निश्चित आहे व त्यातील बहुतेक रचना ३१ रागांनुसार लावलेल्या आहेत. गुरूंच्या रचनांबरोबर कबीर, नामदेव, रविदास, शेख फरीद इत्यादींची वाणी तीत आहे. विणकर, शिंपी, चर्मकार आणि मुसलमान सूफी यांचे शब्द एकाच पूज्य संहितेत स्थान पावले, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही. या ग्रंथाच्या भोवती जनमसाख्या, रहितनामे, गुरूंच्या पराक्रमाची 'गुरबिलास' काव्ये, भाई नंदलाल यांची फारसी कविता, रतनसिंह भंगू यांचा १८४१ चा 'पंथ प्रकाश' आणि संतोखसिंह यांचा १८४३ चा प्रचंड 'सूरज प्रकाश' असा मोठा विस्तार आहे. दसम ग्रंथाच्या कर्तृत्वाचा वाद इतका गुंतागुंतीचा आहे की त्यास स्वतंत्र लेखच हवा. येथे एवढेच नोंदवितो की अमृतसर येथील विद्वानांच्या समितीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक प्रती ताडून त्याची संहिता ठरविली, आणि नांदेडच्या हजूर साहिबमध्ये हा ग्रंथ आजही आदिग्रंथाच्या शेजारी ठेवला जातो.

आधुनिक अभ्यासाचा आरंभ मात्र अवमानातून झाला. लंडनच्या इंडिया ऑफिसने अर्न्स्ट ट्रुम्प या जर्मन भाषापंडिताकडे आदिग्रंथाच्या भाषांतराचे काम दिले. पूर्वी मिशनरी म्हणून सिंधमध्ये राहिलेले हे गृहस्थ १८७० मध्ये लाहोरला आले. त्यांचे अपूर्ण भाषांतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ग्रंथ विस्कळीत व विचारदृष्ट्या उथळ असल्याचा अभिप्राय दिला. ग्रंथी मंडळींना जुनी भाषा कळत नाही असेही त्यांचे म्हणणे होते. ग्रंथासमोर चिरूट ओढण्याइतके औद्धत्य त्यांनी दाखविले अशी हकीकत शिखांत सांगितली जाते. भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणून मात्र ग्रंथाचे मोल त्यांनी मान्य केले होते. परंतु ज्या लोकांचा हा गुरू, त्यांना तो केवळ बोलीभाषांचा संग्रह म्हणून मोलाचा आहे असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठच.

तरीही याच ट्रुम्प यांच्या हातून एक उपकार घडला. हेन्री कोलब्रुक यांनी इंग्लंडला नेऊन कंपनीच्या ग्रंथालयास दिलेली गुरू नानकांच्या जनमसाखीची एक जुनी पोथी तेथे पडून होती. ट्रुम्प यांना ती १८७२ मध्ये आढळली. पंजाबात तोपर्यंत प्रचलित असलेल्या जनमसाखीपेक्षा ही वेगळी व अधिक साधी होती. वार्ता लाहोरला पोचताच शिखांनी ती पोथी पाहावयास मिळावी अशी सरकारला विनंती केली, पोथी पंजाबात आणली गेली आणि १८८५ मध्ये तिच्या छायाप्रती काढण्यात आल्या. आजही पंजाबीत तिला 'विलायतवाली' म्हणतात. स्वतःच्या गुरूचे जुने चरित्र परदेशातून मागवून घ्यावे लागावे, हे दुःख आपणांस चांगले ठाऊक आहे. आपल्या पूर्वजांचे ग्रंथही समुद्रापलीकडूनच परत आले.

ट्रुम्पच्या ग्रंथाने दुखावलेल्या शिखांनी जे केले ते अभ्यासण्यासारखे आहे. लाहोरच्या सिंघ सभेचे गुरमुखसिंह आणि ग्यानी दित्तसिंह यांनी ओरिएंटल कॉलेजमध्ये पंजाबीच्या अध्यापनाचा पाया घातला, १८८६ पासून 'खालसा अखबार' चालविले, जुन्या पोथ्यांचा शोध घेतला. दित्तसिंह हे रविदासिया समाजात जन्मलेले होते. पंजाबी पत्रकारिता आणि शीख पांडित्य यांच्या पायाभरणीत एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुळातील विद्वानाचा इतका मोठा वाटा असावा आणि महाराष्ट्रात त्यांचे नावही फारसे ठाऊक नसावे, हे आम्हांस खटकते. पुढे आयरिश अधिकारी मॅक्स आर्थर मेकॉलिफ यांनी नोकरी सोडून ग्यानी मंडळींच्या सहवासात वर्षानुवर्षे काम केले, आपली भाषांतरे त्यांच्याकडून तपासून घेतली आणि १९०९ मध्ये सहा खंड प्रसिद्ध केले. ट्रुम्पच्या उलट त्यांची वृत्ती आदराची होती. पण आदर म्हणजे चिकित्सा नव्हे. परंपरेने जे सांगितले ते मेकॉलिफ यांनी बहुतांशी तसेच उतरविले.

ज्या माणसाने खरी दिशा दाखविली तो परका नव्हता, मिशनरी नव्हता, इंग्रज अधिकारीही नव्हता. साहिबसिंह (१८९२–१९७७) हे एका खेड्यातील दुकानदाराचे पुत्र, जन्मनाव नत्थूराम, शाळकरी वयात शीख झालेले आणि संस्कृत शिकलेले. आदिग्रंथाचा पाठ करताना त्यांचे लक्ष एका बारीक गोष्टीकडे गेले. एकच शब्द कधी 'हुकमु' असा लिहिलेला आढळतो, कधी 'हुकमि', तर कधी अंती काहीच न जोडता 'हुकम'. पाठ करणारे हे अंत्य ऱ्हस्व स्वर उच्चारीत नाहीत. म्हणून ते लेखनिकाची लकब किंवा छंदाची सोय आहेत असे समजून सारे पुढे जात असत. साहिबसिंहांनी विचारले की लकबच असेल तर ती इतकी नियमित कशी? आणि त्यांनी ग्रंथभर उदाहरणे गोळा केली.

निष्कर्ष असा निघाला की हे स्वर म्हणजे विभक्तीचे प्रत्यय होत. अकारान्त पुल्लिंगी नामाच्या अंती 'उ' असेल तर ते एकवचनी असून कर्ता किंवा कर्म आहे. 'उ' नसेल तर अनेकवचन, किंवा पुढे शब्दयोगी अव्यय आहे, किंवा संबोधन आहे. 'इ' असेल तर तृतीया अथवा सप्तमी. 'सिखु' म्हणजे एक शीख, 'सिख' म्हणजे अनेक. 'नानकु' येथे नानक कर्ता आहे. नुसते 'नानक' असेल तेथे बहुधा कवी स्वतःला हाक मारीत आहे. 'सबदु' म्हणजे शब्द, 'सबदि' म्हणजे शब्दाने वा शब्दात. हे सारे त्यांनी 'गुरबाणी व्याकरण' या १९३९ च्या ग्रंथात मांडले आणि त्याच्या आधारे १९६२ ते १९६४ या काळात दहा खंडांचे भाष्य, 'श्री गुरू ग्रंथ साहिब दर्पण', सिद्ध केले.

पालि जाणणाऱ्यास येथे थांबून पाहावेसे वाटेल. पालीतील प्रथमा एकवचन 'धम्मो'. अपभ्रंशात तोच 'ओ' आखूड होऊन 'धम्मु' झाला. आदिग्रंथात 'धरमु'. सप्तमीचा 'धम्मे' अपभ्रंशात 'धम्मि', तेथून 'धरमि'. पालि ही पंजाबीची थेट जननी होय असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मध्ये अनेक प्राकृते आणि शतके आहेत. परंतु एकाच कुळातील प्रत्यय झिजत झिजत कोठवर टिकले हे या लेखनात डोळ्यांना दिसते. ज्ञानेश्वरीतील 'अर्जुनु' आणि 'धर्मु' ही रूपे मराठी वाचकांस परिचित आहेतच. तोही हाच 'उ'. म्हणजे जो स्वर पंजाबातील पाठक गिळून टाकीत होते, तो मराठीच्या जुन्या पोथीतही उभा आहे. साहिबसिंहांच्या पूर्वी जेथे भाष्यकार आपापल्या संप्रदायाच्या कलाप्रमाणे अर्थ लावीत, तेथे आता निदान एक कसोटी आली. कर्ता कोण, कर्म कोणते, हे अक्षरावरून ठरू लागले. आमच्या मते ट्रुम्पला मिळालेले खरे उत्तर हेच. ग्रंथाची भाषा विस्कळीत नव्हती. ती वाचणाऱ्यांस तिचे नियम ठाऊक नव्हते.

याच्याशी जोडलेला दुसरा मुद्दा पदच्छेदाचा. जुन्या बीडांमध्ये (बीड म्हणजे ग्रंथाची बांधलेली प्रत, मराठवाड्यातील जिल्ह्याशी या शब्दाचा संबंध नाही) मजकूर सलग असतो, शब्दाशब्दांत अंतर नसते. त्यास 'लडीवार' लेखन म्हणतात. सिंहली व ब्रह्मी लिपीतील पालि पोथ्यांचीही हीच रीत असल्याने आपणांस याचे नवल वाटणार नाही. विसाव्या शतकात शब्द सुटे करून छापण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्याबरोबर कोठे तोडावे याचा वादही. शब्द तोडणे म्हणजे अर्थ लावणे. सलग मजकूर हाच गुरूचा देह, त्यास तोडू नये, असे मानणारे शीख आजही आहेत. त्यांच्या आग्रहात भावना आहे हे खरे. पण त्यात एक शास्त्रीय तथ्यही आहे. सलग प्रत समोर ठेवली म्हणजे छापणाऱ्याचा अर्थ वाचकावर लादला जात नाही.

आदिग्रंथात 'सुंन', 'सहज', 'निरबाण' असे शब्द भेटतात आणि 'सिध गोसटि' ही गुरू नानकांची रचना तर नाथयोग्यांशी झालेल्या संवादाच्या रूपात आहे. हे शब्द नाथांकडे आले त्याआधी सरहपादांसारख्या बौद्ध सिद्धांच्या अपभ्रंश दोह्यांत वावरत होते. एवढ्यावरून गुरू नानकांचा विचार बौद्ध होता असे म्हणण्याचा मोह आपल्यातील काही उत्साही लेखकांना होतो. तो आवरला पाहिजे. शब्द एका घरातून दुसऱ्या घरात गेला म्हणजे अर्थ तसाच बरोबर जातो असे नाही. नानकांचे 'सहज' त्यांच्या एकेश्वरी भक्तीच्या चौकटीत बसलेले आहे आणि तेथेच ते वाचले पाहिजे.

आता जनमसाख्यांकडे वळू. 'साखी' म्हणजे साक्ष. गुरू नानकांच्या जन्मापासूनच्या प्रसंगांच्या या साक्षी गद्यात आहेत. आपल्या जातकांशी नामसादृश्य असले तरी येथे पूर्वजन्मांच्या कथा नाहीत, चरित्र आहे. सर्वाधिक प्रसार होता तो 'बाला' परंपरेच्या जनमसाखीचा. ती गुरूंच्या बाला नामक सोबत्याने सांगितली असा तिचाच दावा. तिच्यात मागाहून फुटलेल्या हिंदाली पंथाच्या महत्त्वाचा पुरस्कार दिसतो. इतिहासकार करमसिंह यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'कत्तक कि विसाख' हे पुस्तक लिहून ही जनमसाखी विश्वासार्ह नाही आणि गुरू नानकांचा जन्म कार्तिकात नसून वैशाखात झाला, असे प्रतिपादन केले. जयंती आजही कार्तिकी पौर्णिमेस साजरी होते. पण हे प्रतिपादन एका शिखाने, पंजाबीत, आपल्याच समाजापुढे केले होते, हे विसरता कामा नये. चिकित्सा पश्चिमेकडून आयात झाली असे म्हणणाऱ्यांनी करमसिंहांचे पुस्तक आठवावे.

त्यानंतर अर्धशतकाने न्यूझीलंडचे डब्ल्यू. एच. मॅक्लाउड आले. मिशनरी शाळेत शिकविण्यासाठी ते पंजाबात आले आणि इतिहासकार झाले. १९६८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी जनमसाख्यांतील एकेक कथा घेऊन ती कोणकोणत्या परंपरेत आढळते, कोठे वाढली, कोणत्या स्थळाचा उल्लेख मागाहून घुसला, हे तपासले. जे निर्विवाद उरते ते फार थोड्या जागेत मावेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर उसळलेला क्षोभ त्यांच्या २००९ मधील निधनापर्यंत पुरता शमला नाही. परंतु त्याच मॅक्लाउड यांनी १९८० मध्ये जनमसाख्यांवर दुसरा ग्रंथ लिहून सांगितले की या कथा नानकांच्या काळाविषयी कमी सांगत असल्या तरी त्या ज्या समाजाने रचल्या त्याच्याविषयी पुष्कळ सांगतात. आम्हांस हा दुसरा ग्रंथ अधिक मोलाचा वाटतो. १७३३ मध्ये लिहिलेली, ५७ चित्रांची एक जनमसाखी लंडनच्या संग्रहातील तिच्या क्रमांकावरून 'बी-४०' या रुक्ष नावाने ओळखली जाते. तिची चित्रे आलमचंद राज याने काढली. 'राज' म्हणजे गवंडी. गवंडीकाम करणाऱ्या घरातील हाताने गुरूचे चित्र कसे काढले, त्याच्या आसपासच्या माणसांना कोणते कपडे घातले, हे पाहणे अठराव्या शतकातील पंजाब पाहणेच होय.

चरित्रकथेची अशी तपासणी आमच्या वाचकांस परकी वाटू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी विचारलेला पहिलाच प्रश्न सिद्धार्थाच्या गृहत्यागाविषयी आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिलेच नव्हते हे पटण्याजोगे नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आणि परंपरागत कथा बाजूस सारून शाक्य-कोलियांच्या पाणीतंट्याचे कारण स्वीकारले. आदर आणि प्रश्न एकाच लेखणीतून उतरू शकतात याचे आपल्यापुढील उदाहरण हे आहे. शीख परंपरेचा विचारही बाबासाहेबांनी दुरून केलेला नव्हता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेस उपस्थित होते आणि १९३७ मध्ये मुंबईत खालसा कॉलेज उभे राहिले त्यामागेही त्यांची प्रेरणा होती.

खरा संघर्ष पेटला तो आदिग्रंथाच्या हस्तलिखितांवरून. तो समजण्यासाठी या ग्रंथाचा शब्द समाजात कोणते काम करतो हे आधी ध्यानी घ्यावे लागते. १२ ऑक्टोबर १९२० रोजी खालसा बिरादरीच्या पुढाकाराने तथाकथित अस्पृश्य जातींतून नव्याने शीख झालेले लोक सुवर्णमंदिरात प्रसाद अर्पण करावयास गेले. पुजाऱ्यांनी तो घेण्यास नकार दिला. अखेर ग्रंथ उघडून त्याचाच निर्णय घ्यावा असे ठरले. समोर आले ते गुणहीनांनाही सद्गुरूच्या सेवेत लावून त्यांना क्षमा केली जाते, अशा आशयाचे पद. पुजाऱ्यांना माघार घ्यावी लागली. तेथून लोक अकाल तख्ताकडे गेले तेव्हा तेथील पुजारी निघून गेले, आणि पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली. ज्या पानाने दलितांसाठी मंदिराचा प्रसाद मोकळा केला, त्या पानाच्या पाठाविषयी कोणी संशय घेतो असे ऐकताच लोक अस्वस्थ होतात. या अस्वस्थतेला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

१६०४ ची प्रत म्हणून जालंधरजवळच्या कर्तारपूर येथील सोढी घराण्याकडे असलेली बीड मानली जाते. तिचे दर्शन प्रसंगोपात्त होते, अभ्यासास ती क्वचितच मिळाली. भाई जोधसिंह यांनी १९६८ मध्ये तिचे पानवार वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून बाहेरच्या अभ्यासकांना काही आधार मिळाला. तिच्याही आधीच्या मानल्या जाणाऱ्या दोन गोइंदवाल पोथ्या आहेत. त्यांत गुरूंच्या बरोबरीने भगतांचीही वाणी सापडते, यावरून संतवाणीचा समावेश ही अर्जनदेवांनी एकाएकी केलेली गोष्ट नसावी असे दिसते. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात १२४५ क्रमांकाचे एक हस्तलिखित आले, आणि ते आदिग्रंथाचा पूर्वीचा आराखडा असावे असे मत प्यारसिंह व पशौरासिंह या दोन अभ्यासकांनी मांडले. पहिल्यांचा पंजाबी ग्रंथ १९९२ मध्ये निघाला व मागे घ्यावा लागला. दुसऱ्यांचा प्रबंध १९९१ मध्ये टोरांटो येथे मान्य झालेला होता. दोघांनाही अकाल तख्तापुढे जाऊन धार्मिक शिक्षा, म्हणजे 'तनखाह', स्वीकारावी लागली. त्या काळी दोन्ही बाजूंनी जे लिखाण झाले त्यातील बरेचसे आज वाचवत नाही.

पुढे झाले असे की इतर अभ्यासकांनी, त्यांत गुरिंदरसिंह मान होते आणि अमृतसरचे बलवंतसिंह ढिल्लों होते, त्याच हस्तलिखिताची तपासणी करून ते आदिग्रंथापूर्वीचे नसून नंतरचे आहे असे म्हणण्यास कारणे दिली. म्हणजे ज्या मतावरून शिक्षा झाली त्या मताला उत्तर पाठचिकित्सेनेच दिले. शिक्षेने पोथीचे वय ठरत नाही. आमचे म्हणणे एवढेच नाही. परदेशी विद्यापीठांतील मंडळींनीही एक गोष्ट ओळखावयास हवी होती की जो समाज १९८४ च्या आघातातून नुकताच बाहेर येत होता त्याच्यापुढे 'आराखडा' हा शब्द टाकताना तो कसा ऐकला जाईल याचा विचार आवश्यक होता. सत्य सौम्य करावे असे नाही, सांगण्याची जबाबदारी मात्र सांगणाऱ्यावरच असते.

आपल्या विनयपिटकात याविषयी एक उद्बोधक प्रसंग आहे. राजगृहाची पहिली संगीति आटोपल्यावर पुराण नावाचे स्थविर दक्षिणागिरीहून तेथे आले. स्थविरांनी त्यांना संगायन मान्य करण्यास सांगितले. त्यांनी ते चांगले झाले असे म्हटले, परंतु आपण भगवंतांच्या मुखातून जे ऐकले तेच धारण करू असे उत्तर दिले. चुल्लवग्गाने हा मतभेद वगळला नाही, पुराणांस शिक्षा झाल्याचेही लिहिले नाही. संहिता ठरविणाऱ्या संघाने आपल्याच ग्रंथात वेगळ्या स्मृतीची नोंद ठेवली. रंगूनच्या छठ्ठ संगायनात (१९५४–५६) भिक्षूंनीच निरनिराळ्या देशांच्या मुद्रित प्रती ताडून पाहिल्या आणि पाठभेद तळटीपांत दिले. हे काम धर्मसेवा म्हणून झाले.

दरम्यान पोथ्यांवर काळाची कुऱ्हाड चालूच आहे. १९४७ च्या फाळणीत पश्चिम पंजाबातील कितीतरी गुरुद्वारे आणि घरे ओस पडली. जून १९८४ मधील लष्करी कारवाईत सुवर्णमंदिर परिसरातील शीख रेफरन्स लायब्ररीचा हजारोंचा संग्रह गेला. तो जळाला की त्यातील काही भाग उचलून नेला गेला, हा वाद सरकार आणि कमिटी यांच्यात अनेक वर्षे चालला. तिसरे कारण मात्र श्रद्धेतून आले आहे. जीर्ण झालेल्या बीडांना देहाप्रमाणेच अग्निसंस्कार देण्याची रीत आहे, आणि गोइंदवालसारख्या ठिकाणी असे संस्कार होतात. ग्रंथ गुरू असेल तर जीर्ण देहास अग्नी देणे हे या श्रद्धेशी पूर्णपणे सुसंगतच आहे. परंतु नव्या छापील प्रतींच्या ढिगात तीनशे वर्षांची हस्तलिखित बीडही जाते, तेव्हा तिच्यासोबत तिचे पाठभेद, लेखनिकाचे नाव आणि अखेरची कालनोंदही राख होते. अग्नी देण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत हा उपाय त्यातल्या त्यात बरा. चंडीगढच्या पंजाब डिजिटल लायब्ररीने २००३ पासून पोथ्यांच्या संगणकीय प्रती करण्याचे जे काम चालविले आहे त्याचे महत्त्व यामुळेच आहे. कर्तारपूरला न जाता अठराव्या शतकातील बीडेची पाने आज घरी बसून पाहता येतात. प्यारसिंहांच्या पिढीस हे शक्य नव्हते.

महाराष्ट्राच्या वाट्याचे कामही यात आहे आणि ते आपण केलेले नाही. आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठी गाथेतील नामदेव आणि ग्रंथातील नामदेव एकच की दोन, हा वाद जुना आहे. विनांद काल्लवार्त आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांची हस्तलिखितांवर आधारलेली आवृत्ती बेल्जियममधून काढली. एक बेल्जियमचे, दुसरे जयपूरचे. ग्रंथातील या पदांत 'बीठल' आहे, षष्ठीचा 'चे' आणि 'ची' आहे. हे प्रत्यय पंजाबी लेखनिकांनी चारशे वर्षे जसेच्या तसे उतरविले, त्यांना ते परके असूनही. रविदासांची ४० पदेही त्याच संहितेत टिकली. २०१० मध्ये रविदासिया समाजाच्या एका मोठ्या गटाने आपला स्वतंत्र ग्रंथ जाहीर केला, तेव्हा त्याच्या गाभ्याशी हीच पदे होती.

गुरुमुखीची मूळ अक्षरे पस्तीस. देवनागरी जाणणाऱ्यास ती शिकावयास काही आठवडे पुरतात आणि पालीचे रूपविचार ज्याने एकदा पाठ केले आहेत त्यास साहिबसिंहांचे व्याकरण जड जाणार नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या बाजूस वळणार असेल तर त्याने नामदेवांच्या ६१ पदांपासून आरंभ करावा. लडीवार प्रत समोर ठेवावी, शब्द स्वतः तोडावेत, प्रत्येक नामाच्या अंती 'उ' आहे की 'इ' याची नोंद करावी, आणि जेथे 'चे' व 'ची' येते तेथे पाठभेद पाहून ते सर्व प्रतींत तसेच आहे का, याची वेगळी यादी ठेवावी.